ओल्या जमिनीत पाण्याची वाट एक, कोरड्या जमिनीत दुसरी

गोराई-मनोरी पट्ट्यातील भाजीपाला बागायतदार, आरे व बोरिवलीच्या जंगलालगत असलेल्या पाड्यांवर भात व भाजीपाला पिकवणारे शेतकरी आणि अंधेरी-मुलुंडकडे गच्चीवर कुंड्या लावणारी मंडळी, या तिघांच्या तक्रारी वरवर पाहता वेगवेगळ्या असतात. पहिला सांगतो की मार्चमध्ये रोज पाणी देऊनही मिरचीची रोपे दुपारी माना टाकतात. खुरप्याने उकरून पाहिले तर वर दोन बोटे ओल, मध्ये वीतभर कोरडी माती आणि त्याखाली पुन्हा ओल. दुसरा सांगतो की पावसाळ्यात उतारावरच्या वाफ्यात पाणी मुरता मुरत नाही आणि दसरा संपतो न संपतो तोच तीच जमीन फुफाटा होते. तिसऱ्याने कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी खडी घातलेली असते, तरीही त्याची झाडे मुळे कुजून मरतात.

या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. जमिनीतून पाणी कसे चालते हे जमीन त्या वेळी ओली आहे की कोरडी यावर ठरते. जी माती भिजलेली असताना पाणी सर्वांत लवकर सोडते, तीच माती कोरडी झाली की पाण्याची वाट सर्वांत जास्त अडवते. हे ऐकावयास उफराटे वाटते, परंतु एकदा नीट उमगले म्हणजे पाणी केव्हा द्यावे, किती द्यावे, चर कोठे खणावा आणि खडी कोठे घालू नये, या गोष्टी आपल्या आपण सुचू लागतात.

मुंबई उपनगर जिल्ह्यात, म्हणजे अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांत, हा प्रश्न अधिक तीव्र होतो. सांताक्रूझ येथे वर्षाला सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आकाशातून फारसे काही मिळत नाही. म्हणजे एकाच शेतकऱ्याला एकाच जमिनीत चार महिने एका नियमाने आणि आठ महिने दुसऱ्या नियमाने वागावे लागते.

मातीतील पोकळ्या

माती म्हणजे नुसते कण नव्हेत. चांगल्या जमिनीत साधारणपणे निम्मी जागा कणांची आणि निम्मी पोकळ्यांची असते. या पोकळ्यांतच हवा आणि पाणी राहते. वाळूच्या पोकळ्या मोठ्या पण संख्येने कमी असतात, तर चिकणमातीच्या पोकळ्या अतिशय बारीक आणि अगणित. त्यामुळे एकूण पोकळ जागा वाळूपेक्षा चिकणमातीतच अधिक भरते, हे पुष्कळांना माहीत नसते.

दिव्याची वात तेल वर ओढते ते सर्वांनी पाहिले आहे. यालाच केशाकर्षण म्हणतात. मातीच्या बारीक पोकळ्या हेच काम पाण्याच्या बाबतीत करतात. याचा हिशोब सोपा आहे. ३ मिलिमीटर रुंदीच्या नळीत पाणी फक्त १ सेंटिमीटर चढते, ०.३ मिलिमीटरच्या नळीत १० सेंटिमीटर आणि ०.०३ मिलिमीटरच्या नळीत १ मीटर. पोकळी जितकी पट बारीक, तितकी पट ओढ जास्त.

हीच गोष्ट उलट बाजूने पाहावी. बारीक पोकळी पाणी जोराने ओढते म्हणजेच ती पाणी सहजासहजी सोडत नाही. जमीन वाळू लागली की सर्वांत प्रथम मोठ्या पोकळ्या रिकाम्या होतात, मग मध्यम आणि शेवटी बारीक. जमीन भिजताना मात्र कोरड्या मातीत पाणी आधी बारीक पोकळ्यांत शिरते आणि मोठ्या पोकळ्या सर्वांत शेवटी भरतात. या एका क्रमावर पुढचे सारे अवलंबून आहे.

पावसाळ्यातील जमीन

मोठ्या पोकळ्यांसकट सर्व जागा पाण्याने भरली म्हणजे जमीन संपृक्त झाली असे म्हणतात. अशा वेळी पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली ओढले जाते आणि वाहण्याचे काम मुख्यतः मोठ्या पोकळ्या करतात. एखादी पोकळी दुसरीच्या दहापट रुंद असेल तर तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून दहापट नव्हे, दहा हजारपट पाणी जाते. फ्रान्समधील दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या आन्री दार्सी या अभियंत्याने वाळूच्या गाळणीतून पाणी सोडून १८५६ साली या प्रवाहाचा नियम मांडला. धरणाच्या पाझरापासून शेतातील निचऱ्यापर्यंत तोच नियम आजही वापरतात.

भातखाचराच्या बांधाला पडलेली मुठ्यांची, म्हणजे शेतातील खेकड्यांची, बिळे हे याचे घरचे उदाहरण. बांधाची बाकी सारी माती घट्ट चोपलेली असली तरी एका बिळातून रात्रीत खाचर रिकामे होते. गांडुळांची भोके, कुजलेल्या मुळांच्या नळ्या आणि भेगा यांचेही तसेच. खाचरात त्या नकोशा असतात, म्हणून आपण चिखळणी करतो. मातीचे कण फोडून मोठ्या पोकळ्या बुजवणे हाच चिखळणीचा उद्देश असतो. भाजीपाल्याच्या वाफ्यात मात्र त्याच नळ्या मोलाच्या ठरतात. भात काढलेल्या चिखळलेल्या जमिनीत मशागत न करता वांगी-मिरची लावली की अवकाळी पावसाची एक सर रोपे पिवळी पाडते, त्याचे कारण हे आहे. पाणी वाहून नेणारे रस्ते आपणच जूनमध्ये बुजवलेले असतात.

जमीन एकदा संपृक्त झाली म्हणजे ती पाणी एका ठरावीक गतीनेच आत घेते. पाऊस कितीही जोराचा असला तरी ही गती वाढत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातील बहुतेक दुपारनंतर कोसळला. एवढा पाऊस म्हणजे हेक्टरी ९४ लाख लिटरहून अधिक पाणी. समजा एखाद्या भारी पोयट्याच्या जमिनीत तासाला ५ मिलिमीटर पाणी मुरते. तर पूर्ण दिवसात ती १२० मिलिमीटर घेईल. बाकीचे पाणी वरून वाहणारच, त्यात जमिनीचा दोष नाही. त्यातून जमीन आधीच्या दीड महिन्यात भिजून भरलेली होती आणि उपनगरातील पुष्कळशी माती सिमेंटखाली गेलेली होती.

डोंगरउतारावर याहून वेगळा धोका असतो. मुलुंड, घाटकोपर, साकीनाका या भागांतील टेकड्या बेसॉल्ट खडकाच्या असून त्यांच्यावर मातीचा व मुरमाचा थर उथळ आहे. पाणी मातीतून झरझर खाली येते, कातळावर अडते आणि मग उताराच्या दिशेने मातीच्या पोटातून सरकते. मातीचे वजन वाढते, पोकळ्यांतील पाण्याचा दाब वाढतो आणि मातीची कातळावरील पकड सुटते. जुलै २००० मध्ये घाटकोपरला आणि २६ जुलै २००५ रोजी साकीनाका येथे दरडी कोसळून अनेकांचे प्राण गेले. पाड्यांवर तीव्र उताराची वरकस जमीन कसणाऱ्यांनी म्हणूनच पाणी मुरवण्याचे खड्डे व चर घराच्या वरच्या अंगाला खणू नयेत. तेथे पाणी मुरवायचे नसून वळवून नेऊन ओहोळात सोडायचे असते. पाणलोटाच्या कामात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे ब्रीद सर्वांच्या तोंडी झाले आहे आणि ते योग्यही आहे. परंतु कोठे जिरवावे याचा विचार घोषणेत मावत नाही.

जंगलाची जमीन या सर्वांत सुदैवी. विहार तलाव १८६० मध्ये व तुळशी तलाव १८७९ मध्ये पुरा झाला. या तलावांच्या वरच्या रानात पालापाचोळ्याखाली मुळांच्या व गांडुळांच्या नळ्या शाबूत आहेत, त्यामुळे जोरदार सरीचेही बरेच पाणी जमिनीत शिरते आणि सावकाश पाझरते. त्याच डोंगरावर कान्हेरीला जेथे उघडा कातळ आहे तेथे लेणी खोदणाऱ्यांनी खडकातच पोढ्या कोरून पाणी साठवले. कातळ पाणी पीत नाही हे त्यांना ठाऊक होते.

उघडीप झाल्यानंतर

पाऊस थांबला की एक ते तीन दिवसांत मोठ्या पोकळ्यांतील पाणी निघून जाते, तेथे हवा शिरते आणि जमीन वाफशावर येते. या घटकेपासून नियम बदलतो. आता पाण्यावर गुरुत्वाकर्षणाची सत्ता फारशी चालत नाही. पाणी मातीच्या कणांभोवती पातळ पापुद्र्यासारखे आणि बारीक पोकळ्यांत धरलेले असते. त्याला ओढणारी शक्ती म्हणजे मातीचा ताण. पाणी जास्त ओल्या मातीकडून कमी ओल्या मातीकडे सरकते, मग ती खाली असो, वर असो वा बाजूला असो. अमेरिकेच्या शेतीखात्यातील एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ मध्ये हा विचार प्रथम व्यवस्थित मांडला.

वाफशावरील जमिनीचा ताण साधारण ३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका धरतात. पीक कायमचे सुकते त्या वेळी तो सुमारे १५० मीटरवर गेलेला असतो. म्हणजे त्या मातीत पाणी शिल्लक असते, पण मुळाला ते ओढून घेता येत नाही.

शिवाय पाण्याच्या चालण्याची गतीही फार घटते. मोठे रस्ते बंद झालेले असतात, उरतात त्या गल्ल्या आणि बोळ. संपृक्त अवस्थेपासून वाफशापर्यंत येताना पाणी वाहून नेण्याची क्षमता हजारपटीने आणि त्याहूनही जास्त कमी होते. येथेच वाळू व चिकणमाती यांची अदलाबदल होते. वाळूच्या पोकळ्या मोठ्या, त्या प्रथम रिकाम्या होतात. मग कणाकणांना जोडणारे पाणी इतके थोडे उरते की वाट जवळजवळ तुटते. चिकणमातीत अजून असंख्य बारीक वाटा भरलेल्या असतात. म्हणून पावसाळ्यात वाळू पाणी पळवते आणि उन्हाळ्यात तीच अडवते. मुठ्याचे बीळ पावसाळ्यात खाचर रिकामे करते, पण वाफशावरील जमिनीत त्यातून थेंबही जात नाही, कारण तेथे हवा भरलेली असते.

आता गोराईच्या मिरचीकडे वळू. शेतकऱ्याने रोज थोडेथोडे पाणी शिंपडले. पुष्कळांची समजूत अशी असते की थोडे पाणी दिले तर ते सगळ्या थरात पसरून सगळी माती थोडीशी ओली होते. तसे होत नाही. पाणी वरचा थर वाफशाइतका भिजवते आणि तेवढ्यावरच थांबते. ओली माती व कोरडी माती यांच्यात सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. कोरड्या पोयट्याचा एक फूट थर वाफशाला आणावयाचा तर साधारण ४ ते ५ सेंटिमीटर उंचीचे पाणी लागते, वाळूसर जमिनीला सुमारे २ सेंटिमीटर. रोजच्या शिंपडण्यातून अर्धा सेंटिमीटर पाणी मिळत असेल तर ते वरच्या दोन बोटांतच राहते व दुपारच्या उन्हात उडून जाते. मुळेही तेथेच घुटमळतात. हेच पाणी आठवड्यातून दोनदा एकदम दिले तर ते खोल जाते आणि मुळे त्याच्या मागे जातात. रेताड जमिनीत मात्र एका वेळी फार देण्यात अर्थ नाही, कारण ती थोडेच धरते आणि बाकीचे मुळांच्या खाली निघून जाते. तेथे पाळ्या जवळ घ्याव्यात, पण प्रत्येक पाळी मुळांच्या खोलीइतकी असावी.

खालच्या ओलीचे काय? ती वर का येत नाही? येते, पण कोरड्या थरातून पाणी दिवसाला काही मिलिमीटरपेक्षा फारसे सरकत नाही. खालची ओल मुळाकडे चालत येईल अशी वाट पाहण्यात पीक जाते. मुळालाच ओलीकडे जावे लागते.

वालाची पेरणी

कोकणात भातानंतर जमिनीतील ओलीवर वाल घेण्याची पद्धत जुनी आहे आणि ती या शास्त्रावर बेतल्यासारखी आहे. पाटाचे पाणी नाही, पाऊस नाही, तरी थंडीत वाल येतो. यात सारी बाजी पेरणीच्या आठ-दहा दिवसांत जिंकली किंवा हरली जाते.

भात कापल्यावर खाचर वाफशावर येताच हलकी नांगरट करून वाल पेरावा. जमीन फार ओली असताना नांगर घातला तर ढेकळे दगडासारखी होतात. उशीर झाला तर वरचा थर वाळतो आणि तो वाळला की खालच्या ओलीचा वर येण्याचा रस्ता जवळजवळ बंद होतो. एका परीने हे चांगलेच, कारण कोरडा भुसभुशीत थर झाकणासारखा काम करून खालची ओल राखतो. परंतु बी या कोरड्या थरात पडले तर ते उगवत नाही. म्हणून बी ओल्या मातीला टेकेल इतक्या खोलीवर टोकावे आणि वरून माती पायाने किंवा हलक्या फळीने दाबावी. सैल मातीत बियाभोवती हवेच्या मोठ्या पोकळ्या राहतात आणि त्यांतून पाणी बियाकडे येऊ शकत नाही. दाबलेल्या मातीतील बारीक वाटांनी ते येते. दाब फक्त बियाच्या ओळीवर द्यावा, ओळींच्या मधली जागा भुसभुशीतच ठेवावी. पुढे जमिनीला भेगा पडू लागल्या तर कोळपणी करून त्या बुजवाव्यात, नाहीतर भेगांच्या भिंतींमधूनही ओल उडते.

दोन थर आणि कुंडीतील खडी

येथे माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगतो. विस्ताराच्या कामाला लागलो त्या वर्षी खाडीजवळच्या एका बागायतदाराला मी भाजीच्या गादीवाफ्याखाली चार बोटे खडीचा थर देण्यास सांगितले. निचरा चांगला होईल असा माझा हिशोब होता. त्याने पदरमोड करून खडी आणली. पावसाळ्यात खडी घातलेले वाफे न घातलेल्या वाफ्यांपेक्षा जास्त चिखल धरून बसले आणि रोपे आधी तेथेच कुजली. तो भला माणूस रागावला नाही, पण पुढे माझ्या सल्ल्याने त्याने काही केल्याचे मला आठवत नाही.

चूक कोठे झाली? बारीक मातीतून खाली आलेले पाणी खडीच्या सीमेवर थांबते. मातीच्या बारीक पोकळ्या त्याला धरून ठेवतात आणि खडीच्या मोठ्या पोकळ्यांना ओढ जवळजवळ नसतेच. वरची माती तळाशी पूर्ण संपृक्त होईपर्यंत पाणी खडीत उतरत नाही. खडी पाण्याला बोलावत नाही, ती पाण्याला अडवते.

कुंडीत हे आकड्यांनी पाहता येते. समजा कुंडीतील माती अशी आहे की ती तळाशी ८ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी धरून राहते. १५ सेंटिमीटर मातीच्या कुंडीत वरची ७ सेंटिमीटर माती हवेशीर राहील. आता तळाशी ५ सेंटिमीटर खडी घातली तर माती उरली १० सेंटिमीटर आणि हवेशीर थर फक्त २ सेंटिमीटर, कारण पाण्याचा ८ सेंटिमीटरचा थर नाहीसा न होता खडीच्या वर चढून बसतो. त्याऐवजी ३० सेंटिमीटर उंचीची कुंडी घेतली तर २२ सेंटिमीटर माती हवेशीर मिळते. घरी ओला स्पंज घ्यावा, आडवा धरावा. पाणी गळायचे थांबले की तोच उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागेल. उंची वाढली की निचरा वाढतो, एवढेच त्यातून दिसते.

यास्तव कुंडी तळापासून वरपर्यंत एकाच मिश्रणाने भरावी. छिद्रातून माती वाहू नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. मिश्रणच भरड करावयाचे असेल तर रेती व शेणखत सर्वत्र सारखे मिसळावे, थर देऊ नयेत.

थरांचा हा नियम इतरत्रही लागू पडतो. उलट प्रकारात, म्हणजे वर रेती व खाली चिकणमाती असेल, तर पाणी रेतीतून चटकन उतरते आणि चिकणमातीवर तुंबते. थर बदलला की पाणी अडखळते, मग वर काहीही असो. नांगरटीच्या वेळी भाताचा पेंढा एका थरात पुरला गेला तर तो कोरडा पेंढाही खडीसारखाच वागतो. पेंढा मातीत विखरून मिसळावा. रोपवाटिकेतील कलम पिशवीतल्या हलक्या मिश्रणासकट भारी जमिनीत लावले की उन्हाळ्यात भोवतालची माती ओली दिसते आणि हुंडीतली माती मात्र कोरडी पडते. भारी मातीच्या बारीक पोकळ्या पाणी आपल्याकडेच धरतात, सैल हुंडीला देत नाहीत. म्हणून पहिले काही महिने पाणी आळ्याच्या कडेला नव्हे, खोडाजवळच्या हुंडीवर द्यावे. मुरमाड जमिनीत खड्डा घेऊन तो गाळमातीने भरला असेल तर पावसाळ्यात खड्ड्याचा हौद होतो. तेथे खड्ड्याच्या खालच्या अंगाने उतारावर एक चर काढून द्यावा आणि भरतीच्या मातीत निदान निम्मा खणलेला मुरूम मिसळावा.

उन्हाळ्यात वर येणारे मीठ

मनोरी व गोराईच्या खाडीलगतच्या जमिनींत एप्रिल-मेमध्ये वाफ्यांवर पांढरी साय येते. पावसाळ्यात ती दिसत नाही म्हणून ती कोठून आली असा प्रश्न पडतो. ती खालूनच आलेली असते.

खाडीलगत खारे पाणी जमिनीखाली मीटरभर खोलीवर असते. गाळाची माती बारीक पोकळ्यांची असल्याने केशाकर्षणाने हे पाणी पृष्ठभागापर्यंत पोचते. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खालचे पाणी त्याच्या एक दशांशच खारे आहे आणि दिवसाला फक्त १ मिलिमीटर पाणी वर येऊन उडते असे धरू. तरी चौरस मीटरला रोज साडेतीन ग्रॅम मीठ साठते. १०० दिवसांत गुंठ्यावर ३५ किलो. कोणी पोते आणून शेतात ओतल्यासारखेच झाले.

यावर इलाज पाण्याची वाट तोडण्याचा आहे. भात निघाल्यावर जमीन उघडी व चोपलेली ठेवू नये. उथळ कुळवणी करून वरचा तीन-चार बोटांचा थर भुसभुशीत केला तर त्यातील पोकळ्या मोठ्या होतात आणि पाणी त्यांतून चढू शकत नाही. पेंढा, गवत किंवा सुका पाला यांचे आच्छादन तेच काम करते, शिवाय ऊन अडवते. खडी आणि पेंढा मातीच्या पोटात नुकसान करतात, पण पृष्ठभागावर फायद्याचे ठरतात, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरी-वरंब्यावर भाजी असेल तर मीठ वरंब्याच्या माथ्यावर गोळा होते, कारण दोन्ही सऱ्यांतील पाणी तिकडेच ओढले जाते. रोपे माथ्यावर न लावता बगलेत, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर लावावीत.

साठलेले मीठ खाली धुऊन नेण्याचे काम पाऊस फुकट करतो, पण त्याला वाट ठेवली पाहिजे. पहिल्या पावसाचे गोडे पाणी खाचरात साठवून मीठ विरघळू द्यावे आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडून द्यावे. असे दोन-तीन वेळा झाल्यावरच चिखळणी करावी. आधी चिखळणी केली तर मोठ्या पोकळ्या बुजतात आणि मीठ खाली जाण्याचा रस्ता बंद होतो. अशा जमिनींसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे क्षार सहन करणारे भाताचे वाण दिले आहेत. वाण क्षार सोसतो, क्षार काढत नाही. बांधाची व उघाडीची डागडुजी टळत नाही.

आपल्या जमिनीची परीक्षा

यासाठी उपकरण लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून, तोंडाला कापड बांधून ती उलटी धरावी आणि आपल्या शेतातील वाळलेली, चाळलेली माती अर्धी भरावी. त्यावर दोन बोटे जाड वाळू आणि पुन्हा माती घालावी. वरून कपाने सावकाश पाणी सोडत राहावे. ओलीची रेघ खाली येताना स्पष्ट दिसेल. ती वाळूपाशी आली की थबकेल, बाजूंना पसरेल आणि वरची माती चकाकेपर्यंत भिजल्यावरच वाळूत उतरेल. मुलांना हे दाखवावे, त्यांना फार आवडते.

शेतात याहून सोपे. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन झाडांच्या मध्ये हातभर खोल, फावड्याच्या रुंदीचा खड्डा घ्यावा. ओलीची रेघ कोठे थांबली ते बोटाने पाहावे आणि त्याच खड्ड्यात मुळे कोठवर गेली आहेत तेही पाहावे. रेघ मुळांच्या वर थांबली असेल तर पुढच्या पाळीला पाणी वाढवावे, मुळांच्या फार खाली गेली असेल तर कमी करावे. मध्येच एखादा थर कोरडा सापडला तर तेथे पेंढा, खडी किंवा घट्ट तवा आहे काय हे पाहण्यासाठी खुरपे आडवे घालून माती काढावी. खड्डा पाहून झाल्यावर माती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने परत भरावी आणि पायाने दाबावी.